ऐपतीची चौकशी

४ फेब्रुवारी

खिळ्या,

तुझं पत्र पोचलं. दीड पान तू त्या डॉक्टरीणबाईंच्या आरामखुर्चीवर खर्च केलंस. तिच्या स्प्रिंगा कशा बसल्या होत्या आणि तू त्या कशा उठवल्यास, काथ्या किती भरलास, सगळं. आणि शेवटी समासात, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत: ‘कोर्टाची दोन पाकिटं आली आहेत, उघडली नाहीत, कळावे.’

काय कळावे? अरे, तुझ्या बहिणीने उभी हयात कोर्टात दंडाच्या खिडकीमागे बसून काढली. न उघडलेली पाकिटं पिशवीत घालून आणणारी माणसं माझ्यासमोर रोज उभी राहायची. त्यांना वाटायचं, पाकीट बंद आहे तोवर आतला मजकूर खरा नाही. तो खरा असतोच, शिवाय वाढत असतो.

हे पत्र वाचून होताच ती पाकिटं उघड. आत काय लिहिलंय ते मला शब्दन् शब्द कळव. फोन करणार होते, पण फोनवर तू नुसता हं हं करतोस आणि मागे हातोडी चालूच. कागदावर हं हं करता येत नाही.

उत्तर माझ्या मैत्रिणीच्या लाँड्रीच्या पत्त्यावरच पाठव. आमच्या इमारतीतल्या पत्रपेटीचं कुलूप अजून कुणी दुरुस्त केलेलं नाही. बाकी मी मजेत. वहिनीला आशीर्वाद सांग.

ताई


१२ फेब्रुवारी

ताईला नमस्कार.

पाकिटं उघडली. तुझ्या धाकाने उघडली, नाहीतर शेगडीत घालणार होतो.

गोष्ट अशी. मागच्या वर्षी दुकानातला जुना काथ्या, कुजका स्पंज, फाटकं रेक्झिन असा ढीग साचला होता. एक टेम्पोवाला आला, म्हणाला नेऊन टाकतो. मी त्याला रोख मोजून दिले. त्या हरामखोराने तो सगळा माल नेऊन नाल्यात ओतला. आता मी प्रत्येक खुर्चीच्या पोटाला दुकानाच्या नावाची पट्टी शिवतो, हे तुला माहीत आहे. बाबाही शिवायचे. त्या ढिगात आमच्या तसल्या पाच-सहा पट्ट्या निघाल्या. झालं. नाला तुंबवल्याचा खटला माझ्यावर.

तारखेला मी गेलो नाही. ज्याने काही केलंच नाही त्याने का जावं? बाबा म्हणायचे ना, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. तर माझ्या पाठीमागे त्यांनी मला दोषी ठरवलं. दंड, त्यावर खर्च, त्यावर आणखी कसला कसला आकार. सगळं मिळून माझी दोन महिन्यांची कमाई होते. दुसऱ्या पाकिटात लिहिलंय की वॉरंट काढून वसुलीवाल्याकडे दिलंय.

मी एक पैसा भरणार नाही. प्रश्न पैशाचा नाही. धंदा उत्तम चालला आहे, काळजी करू नकोस. प्रश्न तत्त्वाचा आहे.

तुझा
खिळ्या


१८ फेब्रुवारी

खिळ्या,

तत्त्वाचं लोणचं घाल.

बाबांची ती म्हण फिर्याद ठोकायला निघालेल्या माणसासाठी आहे. ज्याला बोलावणं आलंय त्याने पायरी चढली नाही, तर कोर्ट उठून त्याच्या पायरीवर येतं. तू निर्दोष आहेस हे मला मान्य. पण ते सांगायची जागा आणि दिवस ठरलेला होता, आणि त्या दिवशी तू दुकानात खिळे ठोकत बसलास. बोलावणं मिळालंच नव्हतं असं शपथेवर सांगून खटला पुन्हा उघडता येतो. तुला मिळालं होतं. खोटी शपथ घेऊ नकोस.

आता नीट वाच. दुकानदाराची उधारी असती, तर वसुलीवाल्याला दारातूनच वाटेला लावता आलं असतं. तू आत घेतलं नाहीस तर तो ढकलून शिरू शकत नाही. पण हा कोर्टाचा दंड आहे. दार उघडलंच नाही, तर तो कोर्टाची परवानगी आणून कुलूप तोडू शकतो. म्हणून दार उघड आणि सरळ बोल.

त्याला काय नेता येत नाही तेही ऐक. तुमचं अंथरूण-पांघरूण, शेगडी, आणि ज्यावर पोट चालतं ती हत्यारं. म्हणजे तुझं जाड कापड शिवायचं मशीन, हातोड्या, वाकड्या सुया, यांना तो हात लावू शकत नाही. आणि दुसऱ्याच्या मालकीचं काहीही त्याला नेता येत नाही. तुझ्या दुकानातल्या खुर्च्या आणि सोफे गिऱ्हाइकांचे आहेत. पावतीपुस्तक समोर ठेवायचं आणि म्हणायचं, यातलं माझं काही नाही. एवढंच. मग तो ‘नेण्यासारखं काही आढळलं नाही’ असा शेरा मारून कागद कोर्टाकडे परत पाठवतो, आणि मग आपल्याला हप्ते मागता येतात.

शहाणपणा करू नकोस. आणि पैशाची खरंच अडचण असेल तर मोकळेपणाने सांग, मी भरते.

ताई


३ मार्च

ताईला नमस्कार.

वसुलीवाला येऊन गेला. तुला सगळं लिहायचं ठरवून रोज रात्री बसतो आणि मलाच हसू येतं.

मला वाटलं होतं कुणी मिशाळ पैलवान येईल. आला एक तिशीतला पोरगा. गळ्यात ओळखपत्र, बूट पायपुसण्याला पुसून आत आला. तू म्हणालीस तसं दार उघडलं होतं. खुर्ची दिली, पाणी दिलं. त्याने वॉरंट वाचून दाखवलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाला, “काका, तुमचं इथे स्वतःचं असं काही नसेलच ना? मी तसं लिहून टाकतो. मला कळते परिस्थिती.”

तुझी शपथ ताई, त्याने दम दिला असता तर मी तू शिकवलेलं सगळं घडाघडा बोललो असतो. पण त्याने माझी कीव केली. आणि समोर कोण बसलेलं, तर पलीकडच्या दुकानातला चष्मेवाला, ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी उठलो आणि म्हणालो, “नसायला काय झालं? हे सगळं माझं आहे. लिहा.”

त्याने दोनदा विचारलं. मी दोनदा सांगितलं. त्याने यादी केली: ती आरामखुर्ची, चामड्याचा मोठा सोफा, जेवणाच्या सहा खुर्च्या. मी सही केली. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. चष्मेवाल्याचं तर त्याहून.

तू पैसे देऊ केलेस, तेवढ्यात सगळं आलं. पण बहिणीचे पैसे घ्यायची वेळ आपल्या घरात कुणावर आली नाही, माझ्यावरही येणार नाही.

तुझा
खिळ्या


८ मार्च

गाढवा,

तुझं पत्र वाचून मला हसू आलं नाही. लाँड्रीच्या बाकावर बसून वाचलं आणि तिथेच हे उत्तर लिहायला घेतलं.

तुला कळतंय का तू काय केलंस? त्या पोराने तुझ्यापुढे दार उघडून धरलं होतं. त्याला पुरेसं होतं तुझं ‘माझं काही नाही’. तू लोकांच्या वस्तू स्वतःच्या म्हणून कोर्टाच्या कागदावर चढवल्यास आणि खाली सही केलीस! आता पैसे भरायची मुदत संपली की तो टेम्पो घेऊन येईल, आणि त्याला तो हक्क आहे. तूच दिलास.

आजच्या आज अर्ज लिही. प्रत्येक गिऱ्हाइकाकडून वस्तू त्याची असल्याचं लिहून घे, पावतीची प्रत जोड, वसुली कचेरीत नेऊन दे आणि पोच घे. लाज वाटेल. वाटू दे.

मला ठाऊक आहे हे कुठून येतं. आईने भाकरी नसलेल्या दिवशीही चुलीवर पाणी उकळत ठेवलं, शेजारणीला धूर दिसावा म्हणून. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपल्याला दुधाबरोबर पाजलंय. पण मुठीत काय आहे ते शेजारीण विचारते तेव्हा झाकायची. कोर्ट विचारतं तेव्हा उघडायची असते.

आणि पुन्हा सांगते, हट्ट सोड. हा दंड मी एकरकमी भरू शकते. मला एकटीला लागतं किती? पेन्शन नुसती साठतेय.

ताई


२१ मार्च

ताई, तुम्हाला नमस्कार.

मी तुम्हाला कधी लिहीत नाही, म्हणून अक्षर बघून दचकाल. यांना न सांगता लिहिते आहे.

यांनी अर्ज दिला नाही. उद्या देतो, उद्या देतो म्हणत राहिले. गिऱ्हाइकांकडे जाऊन काय सांगू, म्हणाले. मग मंगळवारी टेम्पो आला. आरामखुर्ची आणि सोफा सगळ्या गल्लीसमोर बाहेर काढला. डॉक्टरीणबाई त्याच संध्याकाळी आल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाल्या, “तुमच्या वडिलांपासून आम्ही इथे येतो हो.” त्यांनी आणि सोफेवाल्यांनी स्वतः पावत्या दाखवून आपापला माल सोडवला. जेवणाच्या खुर्च्या ज्यांच्या होत्या ते त्या अर्धवट शिवलेल्याच उचलून घेऊन गेले. आता दुकानात एक स्टूल आहे, आमचं.

ताई, धंदा उत्तम चाललेला नाही. लोक आता तयार सोफे घेतात, फाटले की टाकून देतात. गेल्या वर्षापासून काम नाही. मोठ्या मशीनची मोटर जळली आहे, मी हाताने चाक फिरवते आणि हे कापड सरकवतात. आणखीही एक गोष्ट आहे, पण ती त्यांनीच तुम्हाला सांगायला हवी.

कोर्टाचा नवा कागद आला आहे. तीस तारखेला ऐपतीची चौकशी आहे म्हणे. म्हणजे काय करतात? हे विचारू देत नाहीत. त्यांना तुम्ही लिहा. तुमचं ऐकतील. माझं ऐकून ऐकून त्यांचे कान मोठे झालेत, पण आत काही जात नाही.

तुमची
वहिनी


२५ मार्च

खिळ्या,

कुणाकडून कळलं ते विचारू नकोस. मला सगळं कळलं आहे. मी रागावणार नाही, राग संपला. आता फक्त भीती वाटते आहे, म्हणून हे पत्र दोनदा वाच.

ऐपतीच्या चौकशीत न्यायाधीश एकच गोष्ट बघतात. ज्याच्याजवळ पैसे नाहीत त्याला ते तुरुंगात घालत नाहीत. त्याला हप्ते देतात, कधी दंड कमी करतात. तुरुंगात जातो तो कोण? ज्याच्याजवळ आहेत आणि जो देत नाही, तो. म्हणजे त्या खोलीत ‘नाही’ म्हणणारा सुटतो आणि ‘आहे’ म्हणणारा अडकतो. सगळ्या जगाच्या उलट.

मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. इस्त्री केलेला सदरा घालून येणारी माणसं, छाती काढून ‘भरतो साहेब’ म्हणणारी. मुदत उलटली की तीच माणसं शिपायाबरोबर मागच्या दाराने जायची. त्यांच्या बायका माझ्या खिडकीशी येऊन विचारायच्या, आता काय करायचं.

सांगायचं ते एवढं: धंदा बंद पडला आहे, मशीनची मोटर जळली आहे, माझ्याजवळ काही नाही. भाडं थकलं असेल तर तेही सांग. ते एक पत्रक देतील, त्यात खरी मिळकत लिही. एक आकडाही फुगवू नकोस. एवढं माझ्यासाठी कर.

आणि घाबरू नकोस. काही झालं, नाहीच निभावलं, तर मी आहेच. माझा शब्द आहे.

ताई


२ एप्रिल

ताईला नमस्कार.

काल आणि परवा लिहायचा धीर झाला नाही.

मी खरंच ‘नाही’ म्हणायला गेलो होतो. तू लिहिलेलं पाठ केलं होतं. सदरासुद्धा बिनइस्त्रीचा घातला. खोली लहान होती, उंच टेबल, मागे बाकं. बाकांवर माणसं आपापल्या नावाची वाट बघत बसलेली. त्यांत आपला जुना घरमालक, त्याच्या कसल्याशा प्रकरणासाठी आलेला. माझं नाव पुकारलं तसा तो पुढे सरकून बसला.

न्यायाधीश बाई होत्या. सभ्य होत्या. म्हणाल्या, “तुम्ही ही रक्कम भरू शकता का?” माझं तोंड उघडलं. ताई, तो शब्द बाहेर येईना. खिळे तोंडात धरलेले असताना कुणी बोलायला लावावं, तसं झालं. मानेवर घरमालकाचा श्वास लागतोय असं वाटलं. आणि मला तुझं पत्र आठवलं, शेवटची ओळ. मी म्हणालो, “माझी थोरली बहीण भरणार आहे. पंधरा-वीस दिवसांत पूर्ण रक्कम.”

त्यांनी विचारलं, हे नक्की का? मी म्हणालो, “तिचा शब्द आहे. ती कोर्टातच नोकरीला होती.”

त्यांनी तसं लिहून घेतलं. सतरा तारखेपर्यंत भरले नाहीत, तर एकवीस दिवसांची कैद. तसा हुकूम करून ठेवला आहे.

बाहेर आल्यावर मला वाईट वाटलं नाही, हे तुला सांगतो. हलकं वाटलं. इतकी वर्षं तू विचारायचीस आणि मी नको म्हणायचो. आज पहिल्यांदा हो म्हणालो. पाठव, ताई. आयुष्यात प्रथमच मागतो आहे. फेडीन, वेळ लागेल, पण फेडीन.

तुझा
खिळ्या


१० एप्रिल

खिळ्या,

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. चार दिवस मी दारोदार हिंडले. काही जमलं नाही. आता लिहिते.

माझ्याजवळ पैसे नाहीत.

कधीच नव्हते. तुझ्या भाऊजींच्या आजारपणात पेन्शनवर कर्ज काढलं, ते अजून चाललंय, हातात उरतं त्यात खोलीचं भाडं आणि जेमतेम दोन वेळचं जेवण होतं. फ्लॅट दोन वर्षांपूर्वीच विकला. इमारत नाही, पत्रपेटी नाही, तिचं कुलूपही नाही. लाँड्री मैत्रिणीची नाही. मी तिथे कामाला आहे, सकाळी कपडे मोजून घेते, चिठ्ठ्या टाचते. वरच्या पोटमाळ्यावर राहते.

या दंडासाठीही मी तुला तीन वेळा पैसे देऊ केले, कारण तू तीनही वेळा नको म्हणशील याची मला खात्री होती. देऊ करण्यात मला बरं वाटायचं. पुन्हा एकदा थोरली बहीण झाल्यासारखं. तुझं पत्र आलं की त्यातलं ‘नको’ वाचायचं आणि दिवस चांगला जायचा. तू हो म्हणशील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

झाकली मूठ कोर्टात उघडायची म्हणून तुला पत्रं लिहीत होते, आणि माझी स्वतःची मूठ वळलेलीच. आता मला तुझ्यासमोर उभं राहायचीही लाज वाटते आहे, पण ते राहू दे.

मी सतराला तिथे येते. न्यायाधीशबाईंना मी सांगेन की शब्द माझा होता आणि खोटा होता. तुझा त्यात दोष नाही. असं सांगितलं तर त्या हुकूम बदलू शकतात. मला नियम माहीत आहे.

ताई


१३ एप्रिल

ताई,

येऊ नकोस.

तुझं पत्र मी बायकोलाही दाखवलं नाही. रागावलो आहे असं समजू नकोस. मी कशाच्या तोंडाने रागावू?

एकवीस दिवस काय, डोळे मिटून जातील. आत गेल्यावर दंडही फिटतो असं शेजारी एकजण म्हणाला. तू त्या खोलीत उभी राहून, शिपायासमोर, कारकुनासमोर, आपल्याजवळ काही नाही असं सांगायचं, ते मला बघवणार नाही. तिथे तू खिडकीच्या आत बसलेली बाई आहेस. तशीच राहा.

मी सांगेन, भरायची इच्छा नाही. सुटलो.

खिळ्या


१९ एप्रिल

वहिनी,

तुझा नवरा घरी येऊन काय बोलला असेल ते मला माहीत आहे: “झालं एकदाचं.” म्हणून काय झालं ते मी लिहिते. तुला कळायला हवं.

मी सकाळच्या बसने पोचले आणि मागच्या बाकावर कोपऱ्यात बसले. त्याने मला पाहिलं नाही. नाव पुकारल्यावर तो पुढे गेला. किती वाळलाय ग. पाठीमागून बाबाच वाटला.

बाईंनी विचारलं, रक्कम का भरली नाही? तो म्हणाला, “भरायची नाही.”

“बहिणीने दिली नाही का?”

“बहिणीचा यात संबंध नाही. मलाच भरायची नाही. आत टाका.”

वहिनी, अशा वेळी पुढे काय होतं ते मला पाठ आहे. न्यायाधीश मान खाली घालतात आणि लिहायला लागतात. बाईंनी मान खाली घातली. मी उठून उभी राहिले. शिपाई म्हणाला, “बसा, मावशी, तुमचं नाव आलेलं नाही.” मीही आयुष्यभर माणसांना हेच सांगत आले होते. मी बसले नाही. म्हणाले, “मी ती बहीण आहे.”

तो वळला. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लिहिणार नाही.

मला पुढे बोलावलं, शपथ दिली. मी पेन्शनचा कागद दाखवला, कर्जाचा दाखवला, लाँड्रीत काय मिळतं ते सांगितलं. कारकून माझ्याकडे बघत नव्हता, फार चांगला मुलगा असावा. बाई म्हणाल्या, “तुमच्याजवळ एवढंच असताना तुम्ही भावाला शब्द कसा दिलात? तुम्ही तर या खात्यातल्या.”

मी खूप काही ठरवून गेले होते. तोंडून निघालं ते एवढंच: “तो नको म्हणेल याची खात्री होती, बाईसाहेब. आमच्याकडे देणाऱ्याने विचारायचं आणि घेणाऱ्याने नको म्हणायचं, एवढंच शिकवलंय. दोघांनाही पोट भरल्यासारखं वाटतं.”

मागे कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. पेन खाली ठेवून त्या त्याला म्हणाल्या, “आता तुम्ही सांगा. शेवटचं विचारते. तुमच्याजवळ काय आहे?”

तो कठडा धरून उभा होता. मला वाटलं, आता हा काहीतरी बढाई मारतो आणि सगळं घालवतो. त्याने माझ्याकडे पाहिलं.

“काही नाही,” तो म्हणाला. हळू म्हणाला, बाईंना पुन्हा विचारावं लागलं. मग तो मोठ्याने म्हणाला, “माझ्याजवळ काही नाही. हिच्याजवळही नाही. आमच्याजवळ नाहीच.” आणि तो रडायला लागला. मी त्याला बाबा गेले तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं.

कैदेचा हुकूम रद्द झाला. वसुलीवाल्याकडून वॉरंट परत मागवलं, त्याचा आकारही उतरवला. मूळ दंड माफ झाला नाही, तो व्हायचा नव्हताच. महिन्याला थोडा थोडा भरायचा, मिळकतीचं पत्रक भरून दिल्यावर रक्कम ठरेल असं म्हणाल्या. त्याला पत्रक भरायला बाजूच्या खोलीत नेलं. मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. त्याच्यासमोर जायची ताकद राहिली नव्हती, तशीच बस गाठली. त्याला सांग, ताई पळून गेली.

आता माझं एक विचारायचं आहे. खरं विचारते, तेव्हा तुम्हीही खरंच सांगा. लाँड्रीवाला पोटमाळा दुसऱ्याला जास्त भाड्याने देतो आहे, मला या महिन्यानंतर राहायला ठिकाण नाही. माझं सामान म्हणजे एक ट्रंक आणि एक गादी. मला अजून टाके घालता येतात, मशीनचं चाकही फिरवता येईल. तुमच्या घरात मला जागा आहे का? नसेल तर नाही म्हणा. वाईट वाटणार नाही, आता सवय झाली.

ताई


२४ एप्रिल

ताई,

तुझ्या वहिनीला लिहिलेलं पत्र तिने मला मोठ्याने वाचून दाखवलं. मध्येच थांबली, मग उरलेलं मी वाचलं.

तू खरं विचारलंस, म्हणून खरं सांगतो. घर आम्ही थंडीतच सोडलं. तुला कळवलं नाही, पत्रं दुकानावर येतात म्हणून तुला कळायचं कारणही नव्हतं. आम्ही दुकानाच्या मागच्या खोलीत राहतो. एका भिंतीला मशीन, दुसरीला आमचं अंथरूण, मध्ये काथ्याची पोती, दार पुरतं उघडत नाही. तुझी वहिनी म्हणते पोती वर टांगता येतील. काल संध्याकाळी टेप घेऊन सगळ्या खोलीचं माप काढलं. मशीन सरकवून बघितलं, अंथरूण आडवं टाकून बघितलं. मापाला खोटं बोलायला लावता येत नाही.

जागा नाही.

ये.

खिळ्या